जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही

१८८५ सालचं एक छायाचित्र तुमच्याही पाहण्यात आलं असेल. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या तीन तरुणी त्यात आहेत. लुगडं नेसलेल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि तिकडचा पारंपरिक पोशाख घातलेल्या, दमास्कसहून आलेल्या सबात इस्लांबूली. ते पाहून ऊर भरून येतो, आणि यायलाच हवा. मला मात्र त्या छायाचित्राबद्दल नेहमी आणखी एक कुतूहल वाटत आलं आहे. कॅमेऱ्यासमोरून उठल्यावर या तिघी एकमेकींशी काय बोलल्या असतील? बोलल्या असतील त्या इंग्रजीत, आणि इंग्रजी तिघींपैकी एकीचीही घरची भाषा नव्हती. शरीररचनेच्या तासाला काही अडलं तर शेजारणीला विचारण्याचं धाडस पहिल्या महिन्यात झालं असेल का? कुणी त्यांच्या उच्चारांना हसलं असेल का? आणि त्या स्वतः पोट धरून पहिल्यांदा हसल्या, त्या केव्हा? आनंदीबाई एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, मार्च १८८६मध्ये डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७मध्ये, वयाची २२ वर्षंही पुरी व्हायच्या आत गेल्या. हे टप्पे आपल्याला पाठ असतात. पण परदेशी शिकायला गेलेल्या माणसाचं आयुष्य जातं ते या टप्प्यांच्या मधल्या साध्या दिवसांत. मला लिहायचंय ते त्या दिवसांबद्दल.

मी जर्मनीत एम.एस्सी. केलं आणि पुढे पीएच.डी. करत असताना विद्यार्थी-वसतिगृहात ट्यूटर म्हणून राहिले. तिथल्या ट्यूटरला शिकवावं काहीच लागत नाही. दर ऑक्टोबरात जगभरातून नवी मुलं येतात, त्यांना किल्ली कुठे मिळते इथपासून डॉक्टरकडे वेळ कशी घ्यायची इथपर्यंत सगळं सांगायचं, आणि सामाईक स्वयंपाकघरात संध्याकाळी थोडा वेळ असायचं. असायचं, म्हणजे खरोखर नुसतं असायचं. या असण्यामुळे मला इतक्या मुलामुलींचं बोलणं ऐकायला मिळालं की माझे स्वतःचे अनुभव आणि त्यांचे अनुभव आता मनात वेगळे राहिलेले नाहीत. इथे मी कुणाचंच नाव घेणार नाही.

पहिले आठवडे कागदांचे असतात. पत्त्याची नोंदणी, आरोग्यविमा, बँकेतलं खातं, विद्यापीठातला प्रवेश पक्का करणं, निवासपरवाना. यातला प्रत्येक कागद दुसऱ्या कुठल्यातरी कागदावाचून अडलेला. मुलं त्याला वैतागतात, पण मी पाहिलंय, या काळात फारसं कुणी खचत नाही. रांगेत पुढेमागे आपल्यासारखेच लोक असतात, करायचं काम समोर असतं, ते झालं की दिवस सार्थकी लागतो. मैत्रीही पटकन होते. खरी कसोटी नोव्हेंबरात सुरू होते. रांगा संपलेल्या असतात, नव्यांसाठीचे कार्यक्रम संपलेले असतात, अंधार लवकर पडायला लागतो. आणि मग एखाद्या दुपारी लक्षात येतं, की आज उठल्यापासून आपण कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही.

स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५५मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियन लोकांशी बोलून त्यांनी तो लिहिला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक त्यांना बऱ्यापैकी रुळलेले दिसले. मधल्या काळातले सगळ्यात अवघडलेले. आधी उत्साह, मग घसरण, मग हळूहळू वर येणं, असा तो आलेख. परदेशी विद्यार्थ्यांच्या स्वागतपुस्तिकांमध्ये तो आजही छापला जातो. पुढच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतल्या. न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांचा १९९८मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात मुलं सर्वांत जास्त त्रासलेली आढळली ती अगदी सुरुवातीलाच. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. विमानतळावर उतरल्या रात्रीच कोसळलेली मुलं पाहिली, आणि वर्षभर हसतखेळत राहून दुसऱ्या हिवाळ्यात खोलीचं दार बंद करून बसलेलीही. आलेख कुठलाही असो, वर चढताना कुणाचा तरी हात लागतो, एवढं मी ठामपणे म्हणू शकते.

हे खचणं येतं कुठून? घरच्या आठवणीने, असं सगळे म्हणतात. आठवण असतेच. पण मला वाटतं त्याहून मोठं कारण वर्गात असतं.

आपल्या जुन्या कॉलेजात आपण कुणीतरी असतो. हुशार असतो, विनोदी असतो, भांडखोर असतो, नाटकातला असतो. वर्गात शिरलो की चार जणांच्या चेहऱ्यावर आपली ओळख उमटते, आणि ती आपल्या बोलण्याला आधीच जागा करून देते. परदेशातल्या वर्गात ती जागा नसते. चर्चा चालू असते, आपल्याला मुद्दा सुचतो, मनात वाक्य जुळवेपर्यंत बोलणं तीन मुद्दे पुढे गेलेलं असतं. एक मुलगा होता आमच्याकडे, आपल्या देशात विद्यापीठाच्या नाट्यमंडळाचा प्रमुख. उत्तम नकला करायचा म्हणे. इथे पहिलं सत्रभर तो वर्गात गप्प. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाला, "माझ्याबद्दल इथे सगळ्यांचं मत चांगलं आहे. शांत, नम्र मुलगा. हा मुलगा कोण आहे मला माहीत नाही." मला त्याचं फार वाईट वाटलं. भाषा कमी पडली की आधी विनोद जातो, मग बारकावे जातात, आणि उरतो एक सौजन्यशील माणूस, ज्याला लोक चांगला म्हणतात आणि ज्याच्याशी कुणी फार वेळ बोलत नाही.

त्यात शिकण्याची रीतच वेगळी असते. व्याख्यान १० वाजता लिहिलेलं असतं आणि जर्मनीत पुष्कळदा ते सव्वादहाला सुरू होतं, तसा तिथल्या विद्यापीठांचा जुना शिरस्ताच आहे. व्याख्यान संपलं की सगळे बाकांवर बोटांनी ठकठक करतात, तेच टाळ्यांच्या ठिकाणी. हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. अंगवळणी पडायला वेळ लागतो तो सेमिनारच्या शांततेला. प्राध्यापक प्रश्न विचारतात आणि थांबतात. उत्तर त्यांना माहीत असतं, पण ते देत नाहीत. आपण ज्या पुस्तकाला प्रमाण मानून आलो, त्याच्यात काय पटलं नाही ते सांगा, म्हणतात. मला पहिल्यांदा हे विचारलं गेलं तेव्हा मी त्या पुस्तकाचा सारांश सांगितला, अगदी मुद्देसूद. प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पुस्तकाचं झालं. आता तुमचं." रागावून नाही, अगदी आपुलकीने. त्या दोन वाक्यांनी मला जितकं शिकवलं तितकं त्या सत्रातल्या कुठल्याच व्याख्यानाने शिकवलं नाही. 'तुमचं' म्हणजे काय ते सापडायला मला पुढे बरेच महिने लागले.

गुणांचीही अशीच उलथापालथ. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास. ब्रिटनमध्ये ७० मिळाले की पहिला वर्ग, आणि ८०च्या वर क्वचितच कुणी जातं. फ्रान्समध्ये २० पैकी १६ला 'अत्युत्तम' शेरा मिळतो. डेन्मार्कमध्ये सर्वांत वरची श्रेणी १२ आणि सर्वांत खालची उणे ३. आयुष्यभर नव्वदीत राहिलेल्या मुलीला ६४ गुणांची उत्तरपत्रिका हातात पडते आणि ती रात्रभर जागी राहते. ६४ हे तिथे चांगले गुण आहेत, हे तिला कुणीतरी दुसऱ्या दिवशी सांगतं. पण त्या रात्रीपुरतं तिचं स्वतःबद्दलचं सगळं गणित कोलमडलेलं असतं. आपल्या हुशारीचं माप बाहेरून आलेलं होतं, आणि माप बदललं की हुशारी शाबूत राहूनही पायाखालची जमीन सरकते, हे ती त्या रात्री अनुभवते. अशा जागलेल्या मुली मी बऱ्याच पाहिल्या. त्यातल्या काही पुढे गुणपत्रक न उघडताच स्वतःच्या प्रबंधाबद्दल बोलायला शिकल्या, तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला.

इथपर्यंत मी अनोळखीपणाची एकच बाजू सांगितली, गमावण्याची. दुसरी बाजू मला एका मुलीने दाखवली, आणि त्यानंतर मी या सगळ्या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

ती सहसा कमी बोलायची. एकदा रात्री उशिरा स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. घरची आठवण येते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आईची येते. गावाची नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "इथे मी आडनाव सांगते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच होत नाही. ताई, तुम्हाला नाही कळणार हे किती मोठं आहे." आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा आवाज किंचित बदलणं, पुढचा प्रश्न विचारण्याआधी घेतलेला तो अर्ध्या क्षणाचा अवकाश, हे तिने शाळेपासून पाहिलेलं. इथल्या लोकांना ते आडनाव फक्त उच्चारायला अवघड वाटायचं. ज्या अनोळखीपणाने त्या नाटकातल्या मुलाला पोरकं केलं, त्याच अनोळखीपणात ही मुलगी पहिल्यांदा ताठ उभी राहिली होती. खरंच, मला ते तोवर कळलेलं नव्हतं. कारण माझ्या आडनावाने मला कधी अडवलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी बाबासाहेबांच्या न्यूयॉर्कमधल्या वर्षांबद्दल पुन्हा वाचलं. बडोदा संस्थानची दरमहा ११.५ पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले. पुढे १९३०मध्ये तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलं, की आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गमित्र आणि जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक. हे आपण कौतुकाने वाचतो. पण ज्या मुलाला शाळेत पाण्याला हात लावू दिला गेला नव्हता, तो मोठेपणी हे लिहितो आहे, हे लक्षात ठेवून ते वाचलं की काळजात कळ येते. आणि या मोकळेपणाचं त्यांनी काय केलं? ९ मे १९१६ रोजी, नुकतीच पंचविशी गाठलेली असताना, ए. ए. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातिसंस्थेची उत्पत्ती आणि घडण यांवरचा निबंध वाचला. सेमिनारची ती खोली मी मनाशी पुष्कळदा उभी करते. आपल्या समाजात जे दैव म्हणून, धर्म म्हणून अंगावर आलं, त्याची तिथे बुद्धीने चिकित्सा करायची होती, पुरावे मांडायचे होते, आधीच्या विद्वानांचं कुठे चुकलं ते दाखवायचं होतं. परदेशी शिक्षणाने माणसाला काय द्यावं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

याचा अर्थ विमानात बसलं की भेदभाव मागे राहतो, असा अजिबात नाही. एकाच देशातून आलेल्या मुलांनी भाड्याच्या घरात सोबती शोधताना आडून आडून आडनाव विचारलेलं मी ऐकलं आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घालणारा कायदा करावा लागला, तो उगीच नाही. आणि यजमान देशाचे आपले भेद असतातच. खोली भाड्याने हवी म्हणून एकाच मजकुराची पत्रं पाठवावीत आणि परक्या वाटणाऱ्या नावाला उत्तरच येऊ नये, हे आमच्या वसतिगृहातल्या कितीतरी मुलांनी सोसलं. ट्राममध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते, हे सांगताना एका मुलाचा आवाज अगदी सपाट झाला होता. अशा वेळी 'तुझा गैरसमज झाला असेल' असं म्हणू नये. त्याचा गैरसमज झालेला नसतो.

आणखी एक ओझं असतं, ते प्रतिनिधित्वाचं. आपल्या देशात काही घडलं की वर्गातल्या माना आपल्याकडे वळतात. तुमच्याकडे असं का होतं? तुमच्या सरकारने हे का केलं? बाराव्या शतकात, इटलीतल्या बोलोन्याला दूरदूरहून कायदा शिकायला तरुण येत, त्या काळी एखाद्याच्या देशबांधवाने कर्ज बुडवलं तर ते वसूल करायला त्या देशाच्या भलत्याच माणसाला धरत. सम्राट पहिल्या फ्रेडरिकने विद्यार्थ्यांना यापासून संरक्षण देणारी सनद काढली. दुसऱ्याच्या कर्जापायी विद्यार्थ्याला धरायचं नाही, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं. ही सनद मला फार आवडते. आपल्या देशाची सगळी देणीघेणी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने चारचौघांत चुकवावीत, ही अपेक्षा आजही होते. सुदैवाने प्रश्न विचारणाऱ्यांत खरोखर जाणून घ्यायला आलेलेही असतात. त्यांच्यापुढे आपल्याला आपल्याच देशाबद्दल किती थोडं माहीत आहे हे कळतं, आणि मग मुलं आपल्या देशाचा इतिहास वाचायला लागतात, बऱ्याचदा आयुष्यात पहिल्यांदाच.

बोलोन्याची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथलं विद्यापीठ मुळात उभं राहिलं ते परक्या विद्यार्थ्यांच्या संघातून. स्थानिक मुलांना शहराचे हक्क होतेच. ज्यांना इथे कुणी नव्हतं, त्यांनी एकत्र येऊन संघ केला, घरभाडी ठरवून घेतली, प्राध्यापकांना नेमलं, उशिरा येणाऱ्या प्राध्यापकांना दंडही केला. परक्या गावात एकमेकांना धरून राहण्याच्या गरजेतून युरोपातलं एक सर्वांत जुनं विद्यापीठ जन्माला आलं, हे मी दर ऑक्टोबरात नव्या मुलांना आवर्जून सांगायचे. स्वयंपाकघर हाही असाच एक संघ असतो. कुणाचा ताप, कुणाची नोकरीची मुलाखत, कुणाचं प्रेम मोडलेलं, सगळं त्या एका टेबलावर येतं. आनंदीबाईंनाही असं एक दार मिळालं होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांच्याबद्दल एका मासिकात वाचलं आणि आपणहून पत्र लिहिलं. पत्रांतून जडलेलं ते नातं इतकं सख्खं झालं की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. अशी मावशी ज्याला मिळते त्याचं परदेशातलं शिक्षण निभतं. मिळेलच असं नाही, हेही खरंच आहे.

पैशांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याचा तपशील प्रत्येक देशात वेगळा, चिंता मात्र एकच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येतं. जर्मनीत २०२४पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस. हे तास मोजत, रात्रीची पाळी करून सकाळी प्रयोगशाळेत उभी राहणारी मुलं आमच्या मजल्यावर होती. मागे घरच्यांनी काढलेलं कर्ज. त्यातून एक प्रकारचं मौन येतं, ते मला सगळ्यात जास्त छळायचं. विषय राहिला तरी घरी सांगायचं नाही. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी एका परीक्षेला तीनदाच बसता येतं, तिसऱ्यांदाही गेली तर अभ्यासक्रमच सोडावा लागतो. ही टांगती तलवार डोक्यावर असताना घरी फोनवर सांगितलं जातं, "सगळं छान चाललंय." शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांनाही १९१७मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती बुडवली गेली आणि पुस्तकं समुद्रात गेली. १९२०मध्ये स्वतःची शिल्लक, मित्राकडून उसने घेतलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांवर ते पुन्हा गेले. अर्धवट राहणं म्हणजे संपणं नव्हे, हे सांगायला मी कधी कधी हाच दाखला द्यायचे. मुलं ऐकायची. पण कर्जाचा हप्ता दाखल्याने फिटत नाही, हे त्यांना ठाऊक असायचं आणि मलाही.

फोनवरच्या त्या "सगळं छान"ची दुसरी बाजूही असते. घरचेही काही सांगत नाहीत. मुलाची परीक्षा आहे, कशाला त्याला त्रास. अशा प्रेमाने दोन्हीकडून भिंत उभी राहते. इंडोनेशियाचा एक विद्यार्थी होता. त्याचे वडील महिनाभर आजारी होते आणि त्याला ते कळलं शेवटच्या दिवशी. दफन लगेच व्हायचं होतं, पोचणं शक्यच नव्हतं. खोलीत इंटरनेट नीट चालत नसे म्हणून त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करून सगळं पाहिलं. लोक नेहमीसारखे येत होते. एकेकाच्या लक्षात यायचं, आणि तो तिथेच बसायचा. त्यातल्या बहुतेकांना त्याची भाषा येत नव्हती, प्रार्थना माहीत नव्हत्या. तरी कुणी उठलं नाही. दोन आठवड्यांवर परीक्षा होती. आता जाऊन तरी काय करू, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, जा. तो गेला. एक सत्र वाया गेलं, पदवी उशिरा मिळाली. घरी जाऊन वडिलांच्या खोलीत बसता आलं, आईशी बोलता आलं, एवढंच त्याने परत आल्यावर सांगितलं. आजही कुणी मला तेच विचारलं तर मी तेच सांगेन. परीक्षा कार्यालयात वडिलांच्या मृत्यूचा दाखला कुठल्या नमुन्यात लागतो, हे मुलाला शोधत बसायला लागू नये. विद्यापीठाने ते पहिल्याच दिवशी, स्वागताच्या कार्यक्रमातच सांगायला हवं. कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगायला लागले. पहिल्या वेळी सगळी खोली गप्प झाली. नंतर एक मुलगी मुद्दाम येऊन माझे आभार मानून गेली. तिच्या आईला कर्करोग होता.

मग परतण्याची वेळ येते. याबद्दल फारच थोडं बोललं जातं. सोफिया कोराडी ही इटालियन तरुणी १९५०च्या दशकाच्या शेवटी फुलब्राइटवर कोलंबिया विद्यापीठात शिकून रोमला परतली. तिकडच्या शिक्षणाला इथे मान्यता द्या, असं तिने आपल्या विद्यापीठात विचारलं तेव्हा तिची चारचौघांत हेटाळणी झाली. जणू हिंडून फिरून आली होती! तो अपमान ती विसरली नाही. परदेशात केलेला अभ्यास मायदेशी धरला गेलाच पाहिजे, यासाठी तिने पुढची कित्येक वर्षं खटपट केली, आणि १९८७मध्ये युरोपात, विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकू देणारी 'इरॅस्मस' योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी त्यातून गेले. आज ही संख्या दरवर्षी लाखांत असते. श्रेयांक आता कागदावर जुळतात. न जुळणारं बाकी पुष्कळ उरतं. मित्र पहिल्या भेटीत उत्सुकतेने विचारतात आणि पाच मिनिटांत विषय बदलतात. आपण नव्हतो त्या काळात त्यांचंही आयुष्य पुढे गेलेलं असतं, त्यात रुसण्यासारखं काही नाही. पण आपल्या आत बदललेलं माणूस कुणाला दाखवावं, हे कळेनासं होतं. तो नकला करणारा मुलगा परत गेला तेव्हा त्याच्या जुन्या मंडळींनी त्याला लगेच नकला करायला लावल्या. त्याने केल्या, छान झाल्या म्हणे. मला लिहिलेल्या पत्रात मात्र त्याने म्हटलं होतं, की शांत बसणाऱ्या माणसांकडे आता माझं लक्ष जातं. मंडळात एक अबोल मुलगी आहे, तिला मी या वर्षी दिग्दर्शन करायला सांगितलंय.

आणि ती आडनाववाली मुलगी. ती परत जाईल असं मला वाटलं नव्हतं. गेली. आता एका कॉलेजात शिकवते. जर्मनीत असताना निकाल लागायचा तो नोंदणी क्रमांकाने, यादीत कुणाचंही नाव नसायचं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. तिने आपल्या विभागात प्रस्ताव मांडला: अंतर्गत चाचण्यांच्या उत्तरपत्रिकेवर मुलांनी फक्त क्रमांक लिहावा, नाव गुण दिल्यानंतरच कळावं. याची गरजच काय, आम्ही काय आडनाव बघून गुण देतो का, असं काही सहकारी दुखावून म्हणाले. ती वाद घालत बसली नाही. आधी स्वतःच्या विषयाला हे सुरू केलं, मग आणखी दोघांनी केलं, आता विभागाचा नियम झाला आहे. मागच्या फोनवर ती तोंडी परीक्षेबद्दल बोलत होती. तिथे मुलगा समोर बसलेला असतो, नाव पुकारून आत बोलावलेला असतो, क्रमांकाचा उपाय चालत नाही. दोन परीक्षक ठेवावेत, प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर लिहून त्यातून उचलायला लावावेत, असं काहीतरी तिच्या डोक्यात आहे. तिकडे तोंडी परीक्षा नेमकी कशी घ्यायचे ते सविस्तर लिहून पाठवा, असं तिने मला सांगितलंय. या आठवड्यात ते लिहायला बसणार आहे.